बाहेरची आणि घरची

दोन मुलींचं चित्र मढवायला दिलं आणि एकच मुलगी परत मिळाली. ७५० रुपयांत.

चित्र अमृता शेरगिलचं, 'यंग गर्ल्स'. १९३२ सालचं, पॅरिसमधलं. ताईच्या पन्नाशीला द्यायची म्हणून मोठी प्रिंट काढून आणली होती. दोघीजणी बसल्यात, काळ्या केसांची नीट कपड्यांत, सोनेरी केसांची अर्धवट कपड्यांत, केस तोंडावर सोडून. हीच मुलगी फ्रेमवाल्यानं पट्टी धरून सरळ कापून टाकली होती.

"हॉलमध्ये लावणार म्हणालात ना! घरात पोरंबाळं असतात."

शेजारी एक काकू दिवंगत यजमानांचा फोटो न्यायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा चढवला. "बहिणी का हो दोघी?"

"नाही. ही इंदिरा, चित्रकर्तीची धाकटी बहीण. कापली ती मैत्रीण, डेनिस प्रूतो."

फ्रेमवाल्याचा चेहरा उजळला. "मग झालं की! बाहेरचीला काढलं, घरची ठेवली."

"बरोबरच केलंत," काकू म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या शेजारीही मित्र उभा होता. काढायला लावला. मेल्यानं बावीस हजार बुडवलेत." त्यांनी फोटो माझ्यापुढे धरला. यजमानांच्या खांद्यावर मित्राची चार बोटं अजून शिल्लक होती.

अहो, ह्याच चित्राला १९३३ साली पॅरिसच्या ग्रँड सलों ह्या चित्रप्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, बाई तेव्हा वीस वर्षांची होती, असं मी जीव तोडून सांगितलं. "फ्रेम भारी असेल," तो म्हणाला.

आता ह्याला काय सांगू, की दुसरी बहीण चित्रात नाहीच, ती ब्रश घेऊन समोर उभी आहे! मोठ्या बहिणीपुढे 'हलू नकोस' ऐकत बसणं म्हणजे काय, ते मला विचारा. ताईचा शिवणक्लास चालू होता तेव्हा आठ वर्षांचा मी तिनं शिवलेला फ्रॉक घालून स्टुलावर उभा असायचो, घेराला टाचण्या लावून होईस्तोवर. मागून वाड्यातली पोरं खिडकीत. पदक सोडा, शेंगदाण्याचा लाडूसुद्धा कधी मिळाला नाही.

डेनिस त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिली. "टाकू नका. बाथरूममध्ये लागेल."

काच अर्धीच लागली, निदान पैसे तरी कमी करा म्हटलं.

"कापायची मजुरी वेगळी असते, साहेब."

काकूंनी मान डोलावली. त्यांच्याकडूनही घेतली होती.