‘आम्हाला डंजन्स अँड ड्रॅगन्स हवे होते’ या अभिप्रायास आमच्या जळगावच्या बोर्डगेम कॅफेचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय काळजीपूर्वक वाचला. आपण दोन तारे देऊन थांबला नाहीत, त्यामागची कारणेही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही तितकेच सविस्तर देतो. इतर वाचकांच्या माहितीसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. आपण रविवारच्या संध्याकाळी सहा जणांसाठी टेबल राखून ठेवले होते आणि आपल्याला डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन मिळून गोष्ट रचण्याचा प्रसिद्ध खेळ, खेळायचे होते. प्रत्यक्षात आमच्या गेम मास्टरने, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या सूत्रधाराने, फेट ॲक्सिलरेटेड हा त्याच जातीचा पण कमी नियमांचा खेळ सुचवला आणि तोच खेळला गेला. त्यात छोट्या मूर्ती नव्हत्या, चौकटींचा नकाशा नव्हता, वीस बाजूंचा फासाही नव्हता. आपल्या शब्दांत, ‘नियम नसलेला पोरखेळ मोठ्या खेळाच्या दरात’ आपल्या पदरी पडला आणि ‘सगळे गेम मास्टरच्या मर्जीवर’ चालले. आपल्यासोबतच्या मावशींना मजा आली, हेही आपण मोकळेपणाने लिहिले आहे.

टेबल राखून ठेवताना आपण दिलेली माहिती अशी होती: सहापैकी पाच जण असा खेळ प्रथमच खेळणार, त्यांत मावशी आणि शाळेत जाणारी दोन मुले, हाताशी वेळ तीन तासांचा, आणि ‘एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण व्हावी’ ही इच्छा. खेळाचे नाव आपण लिहिले होते, हे खरेच आहे. परंतु या चार गोष्टी आणि ते नाव एकाच संध्याकाळी एकत्र नांदणे अवघड आहे असे आमच्या गेम मास्टरचे मत पडले, त्याने ते सुरुवातीलाच सर्वांसमोर सांगितले आणि टेबलाने होकार दिल्यावरच पुढे गेला. इतरांच्या उत्साहामुळे आपण तेव्हा आग्रह धरला नाही, असे आपण लिहिता. त्या समंजसपणाचा मी आदर करतो, आणि म्हणूनच त्या सल्ल्यामागचा विचार आपल्यापुढे ठेवतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केला, आणि त्याचे मूळ छोट्या सैनिकांच्या मूर्ती मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत आहे. पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, तरी ते मूळ आजही त्याच्या अंगी दिसते: अंतर किती, चिलखत किती, कोणाची पाळी आधी, कोणता मंत्र किती वेळा वापरता येतो, यांचे नियम त्यात अतिशय बारकाईने रचलेले आहेत. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूंसाठीचा एकच ग्रंथ तीनशेहून अधिक पानांचा आहे. त्यात बारा वर्ग (योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार), सहा क्षमता आणि अठरा कौशल्ये आहेत. मला स्वतःला हा खेळ मनापासून आवडतो. महिनोन्‌महिने तीच चौकडी बसणार असेल, तर त्या बारकाव्यांतून मिळणारा आनंद दुसरीकडे क्वचितच मिळतो. पण सहा खेळाडूंपैकी पाच नवखे असले की पात्रे तयार करण्यातच पहिला तास सहज जातो, एखादी मध्यम लढाई दुसरा तास घेते, आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वाट पाहण्यात मुले हळूच मोबाइल काढतात. गोष्ट शेवटापर्यंत पोहोचतच नाही. आमच्या टेबलांवर हे पुष्कळदा घडताना आम्ही पाहिले आहे.

आता ‘नियम नसलेला’ या शब्दांविषयी. फेट ॲक्सिलरेटेड हे 2013 साली आलेले सुमारे पन्नास पानांचे पुस्तक आहे. त्यात नियम थोडे आहेत, पण जे आहेत ते नेमके आहेत. पात्राजवळ सहा पद्धती असतात: सावध, चतुर, झोकदार, जोरकस, चपळ आणि लपूनछपून. एकीला अधिक तीन, दोघींना अधिक दोन, दोघींना अधिक एक आणि उरलेलीला शून्य, एवढेच वाटप करायचे असते. खेळाडूने काय केले यापेक्षा ते कसे केले हे येथे मोजले जाते, म्हणून दहा वर्षांच्या मुलालाही ‘मी गुपचूप जातो’ म्हणताच फाशांच्या बेरजेत कोणता अंक मिळवायचा ते कळते. फासे चार असतात आणि प्रत्येकाच्या दोन बाजूंवर अधिक, दोन बाजूंवर उणे, तर दोन बाजू कोऱ्या. चारही फाशांची बेरीज उणे चार ते अधिक चार यांच्या दरम्यान येते; 81 शक्यतांपैकी 19 मध्ये ती शून्य असते आणि 51 मध्ये उणे एक ते अधिक एक या पट्ट्यातच राहते. याउलट वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकडा सारख्याच शक्यतेने पडतो, त्यामुळे निष्णात योद्धाही एका वाईट फेकीत सपशेल हरू शकतो. त्या अनिश्चिततेतही थरार आहेच. परंतु आपले पात्र ज्यात तरबेज आहे ते त्याला बहुतेक वेळा जमावे, अशी नवख्या खेळाडूची अपेक्षा असते, आणि ती या चार फाशांवर अधिक पूर्ण होते.

‘मर्जी’चा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण गोष्टीला प्राधान्य देणाऱ्या प्रत्येक खेळाबद्दल ही शंका घेतली जाते. येथे प्रत्येक पात्राची ओळख आणि त्याची अडचण खेळाडू स्वतः एकेका वाक्यात लिहितो, आणि साधारणपणे प्रत्येकाला तीन फेट पॉइंट मिळतात. गेम मास्टरला त्या अडचणीच्या आधाराने पात्राला पेचात टाकायचे असेल, तर त्याने खेळाडूपुढे एक पॉइंट ठेवला पाहिजे. खेळाडू तो घेऊन पेच स्वीकारतो, किंवा स्वतःजवळचा एक पॉइंट देऊन नकार देतो. म्हणजे गेम मास्टरच्या इच्छेला किंमत आहे आणि खेळाडूला ती नाकारण्याचा हक्क नियमानेच दिलेला आहे. आपल्या टेबलाने गोष्टीसाठी सुरतेहून बुऱ्हाणपूरला निघालेला व्यापारी तांडा निवडला होता. तापीच्या खोऱ्यातून जाणारी ती जुनी वाट आपल्या नंदुरबार-थाळनेरकडूनच जात असल्याने मुलांनाही गावांची नावे ओळखीची होती. मावशींचे पात्र नंदुरबारची कापड-व्यापारीण होते आणि अडचण त्यांनी अशी लिहिली होती: ‘भावाच्या नावाने कोणी काही मागितले की नाही म्हणवत नाही.’ थाळनेरच्या उतारावर पहारेकऱ्याने तिच्या भावाचे नाव सांगून दोन गठ्ठे मागितले, तेव्हा मावशींनी थोडा विचार करून पॉइंट घेतला आणि गठ्ठे देऊन टाकले. पुढे बुऱ्हाणपूरच्या दरवाजाशी तोच पॉइंट खर्चून त्यांनी फेकीत अधिक दोन मिळवले आणि साऱ्या तांड्याला आत नेले. तो निर्णय पूर्णपणे त्यांचा होता, आणि तोही नियमांच्या चौकटीतला. मावशी बहुतेक वेळ अहिराणीत बोलत होत्या आणि त्यामुळे खेळ कुठेही अडला नाही, याचे मला मोठे समाधान आहे.

दुसरे साधे खेळ का नाहीत, असे कोणी विचारील. फियास्को हा 2009 चा खेळ गेम मास्टरशिवाय चालतो व आम्हाला प्रिय आहे, पण तो तीन ते पाच जणांसाठी आहे आणि त्यातल्या गोष्टी बहुधा हाव व सर्वनाशाकडे जातात. शाळकरी मुलांसमोर तो मांडायला आमचा गेम मास्टर तयार नसतो. ड्रेडमध्ये फाशांऐवजी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो, आणि तो ज्याच्या हातून कोसळतो त्याचे पात्र गोष्टीतून बाद होते. भयकथेला ते शोभते, कौटुंबिक संध्याकाळी एखादे मूल बाजूला बसून राहणे मात्र नको वाटते. डंजन वर्ल्डचा विचार झाला होता. दोन साध्या फाशांवर दहा किंवा अधिक आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काही किंमत मोजून यश, सहा किंवा कमी आले तर संकट, ही रचना मला अतिशय सुंदर वाटते, आणि गुहा-राक्षसांची आपली आवडही तेथे भागली असती. पण टेबलाने आपल्या भागातली गोष्ट मागितली आणि फेटमध्ये कोणतेही जग बसवता येते, म्हणून निवड तिकडे झुकली.

शुल्काबद्दल एवढेच सांगतो की आमच्याकडे ते खेळाच्या खोक्यावर ठरत नाही. टेबल, वेळ आणि गेम मास्टरची तयारी यांचे ते शुल्क आहे, आणि कमी पानांच्या खेळाला ही तयारी कमी लागत नाही. खेळाडू कुठेही वळले तरी गोष्ट पुढे नेता यावी म्हणून उलट अधिक लागते. त्यामुळे शुल्काचा परतावा देणे मला योग्य वाटत नाही.

आपली मूळ इच्छा मात्र रास्त आहे आणि ती पूर्ण व्हावी असे मला मनापासून वाटते. आपण आणि आपले दोन-तीन मित्र, चारपेक्षा जास्त नकोत, दोन किंवा तीन बैठकांसाठी येऊ शकत असाल, तर डंजन्स अँड ड्रॅगन्सचे टेबल आपल्यासाठी राखून ठेवतो. मूर्ती, नकाशा आणि वीस बाजूंचे फासे त्या टेबलावर नक्की असतील. मूलभूत नियम प्रकाशकाने विनामूल्य उपलब्ध केलेले आहेत. ते मित्रांना आधी वाचायला द्यावेत आणि तयार पात्रांतून निवड करून यावे, म्हणजे पहिला तास वाचेल. कोणत्या रविवारपासून सुरुवात करायची ते काउंटरवर किंवा फोनवर कळवावे.

आपला,
संचालक, बोर्डगेम कॅफे, जळगाव