‘नॉर्मल आहे, पण ऑप्टिमल नाही’ : थकलेल्या माणसाला चुकीची वाट

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय : लॅबची नॉर्मल रेंज आजारी लोकांच्या सरासरीवरून काढलेली असते, टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला काम करायला सांगणारं हार्मोन; ग्रंथी कमी पडली की ते वाढतं) ‘ऑप्टिमल’ म्हणजे सर्वोत्तम, १ ते २ मध्येच हवा, त्याहून जास्त असेल आणि थकवा वाटत असेल तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी थायरॉइडची गोळी सुरू करा.

पहिला दावा सरळ खोटा आहे. रेंज ठरवताना थायरॉइडचा आजार असलेल्यांना मुद्दाम वगळतात आणि उरलेल्या निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे घेतात. म्हणजे १०० पैकी ५ धडधाकट माणसंही रेंजच्या बाहेरच पडतात.

‘१ ते २’ हा आकडा तर टिकतच नाही. टीएसएच रात्री-पहाटे वर असतो, दुपारी उतरतो. सकाळी ८ वाजता ३ आलेला टीएसएच त्याच माणसाचा दुपारी मोजला तर २ पर्यंत उतरलेला असू शकतो. मग सकाळी तो आजारी होता आणि जेवणानंतर बरा झाला, असं म्हणायचं का? वय वाढतं तसा टीएसएचही थोडा वर सरकतो. शिवाय बायोटिनच्या (केस-नखांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या काही लॅबच्या चाचणीत तो खोटाच कमी दाखवतात.

यात एक गोष्ट खरी आहे. प्रत्येकाची स्वतःची पातळी रेंजपेक्षा बऱ्याच अरुंद पट्ट्यात फिरते. पण तसं असेल, तर सगळ्यांना एकच ‘ऑप्टिमल’ आकडा लावणं आणखीच चूक ठरतं!

आकडा खाली आणला की बरं वाटतं का? ऑस्ट्रेलियात आधीपासून गोळी घेणाऱ्या ५६ जणांवर हे तपासलं गेलं. निष्कर्ष २००६ मध्ये आले. प्रत्येकाला, कोणता डोस चालू आहे ते न सांगता, एकामागून एक तीन वेगवेगळे डोस दिले. सरासरी टीएसएच २.८, १.० आणि ०.३ झाला. थकवा, मूड, एकूण बरं वाटणं, कशातच ठळक फरक पडला नाही. आणि डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होणं, हाडं ठिसूळ होणं हे धोके खरे आहेत.

गरोदरपणाचे निकष वेगळे असतात, ते डॉक्टर पाहतातच. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनबाबतही हाच गोंधळ आहे : दुपारच्या एका रिपोर्टवरून ते कमी असल्याचं निदान होत नाही, सकाळचे दोन वेगळे नमुने लागतात.

थकवा खोटा नाही, आणि ‘रिपोर्ट नॉर्मल, घरी जा’ म्हणणारे डॉक्टरही चुकतातच. म्हणूनच फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, झोपेतला घोरण्याचा आणि श्वास अडण्याचा त्रास, नैराश्य, चालू असलेली औषधं हे सगळं तपासून घ्या. टीएसएच २.८ चा १.२ करण्यात महिने गेले, तर यातलं खरं कारण तेवढे महिने तसंच पडून राहतं.