चुंबकत्व आलं की अतिवाहकता संपते? होल्मियमचं संयुग वेगळं सांगतं

अतिवाहकतेबद्दल, म्हणजे खूप थंड पदार्थातून वीज जराही रोध न होता वाहते त्या अवस्थेबद्दल, एक संदेश विज्ञानप्रेमींमध्ये फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: चुंबकत्व आणि अतिवाहकता यांचं हाडवैर आहे, म्हणून चुंबकी अणू असलेला पदार्थ अतिवाहक होऊच शकत नाही; बाकीचा कुठलाही धातू मात्र पुरेसा थंड केला की झालाच.

हाडवैराच्या गोष्टीत तथ्य आहे. १९५८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बर्न्ड मॅथियास आणि सहकाऱ्यांनी लॅन्थनम या अतिवाहक धातूत चुंबकी अणूंचं गॅडोलिनियम मिसळलं, आणि एखाद्या टक्क्यातच लॅन्थनमची अतिवाहकता गेली. नेहमीच्या अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाचं स्वतःचं इवलंसं चुंबकत्व) विरुद्ध दिशांना असतात. चुंबकी अणू ती जोडी फोडतो. पण हे झालं कुठेही, कसेही विखुरलेल्या अणूंचं. आंतरधातू संयुगात, म्हणजे धातू ठरावीक प्रमाणात जुळून झालेल्या स्फटिकात, प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, आणि तिथे हिशोब बदलतो.

१९९४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आदींनी यट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला (शून्य केल्विन म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियस) अतिवाहकता दाखवली. (निकेल म्हणजे चुंबकच, असं म्हणणाऱ्यांसाठी: या संयुगांत निकेलला स्वतःचं चुंबकत्व उरत नाही.) यट्रियमच्या जागी खरोखर चुंबकी अणू बसवले तरी अतिवाहकता टिकते: थुलियम असेल तर ११ केल्विनपर्यंत, अर्बियम साधारण १०.५, होल्मियम ८, डिस्प्रोशियम ६. इथे चुंबकी अणू टक्क्याने मिसळलेला नाही, यट्रियमच्या प्रत्येक जागी तोच आहे. डिस्प्रोशियमच्या संयुगात तर चुंबकी रचना (अणूंच्या चुंबकत्वाची ठरावीक मांडणी) आधी, साधारण १० केल्विनला लागते आणि अतिवाहकता तिच्या आत जन्मते.

हे जमतं कसं? या अणूंचं चुंबकत्व ४एफ नावाच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनांचं. ते अणूच्या आत खोल असतात, वीज वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांपर्यंत त्यांचा प्रभाव क्षीणच पोचतो. शिवाय एका थराचं चुंबकत्व वर, तर शेजारच्याचं खाली. इलेक्ट्रॉनांची जोडी अनेक थरांवर पसरलेली असल्याने तिच्या वाट्याला बेरीज जवळजवळ शून्य येते.

होल्मियमचं संयुग यातलं सगळ्यात खट्याळ. ८ केल्विनला अतिवाहक होतं, ५ केल्विनच्या आसपास डळमळतं, काही नमुन्यांत रोध परत दिसतो. त्या पट्ट्यात चुंबकी रचना सर्पिल वळणं घेत असते. आणखी थंड केलं की थर साधे वर-खाली लागतात आणि अतिवाहकता परतते. अर्बियम-रोडियम-बोरॉनच्या संयुगात मात्र ती परतत नाही: ८.७ केल्विनला आलेली अतिवाहकता ०.९ च्या आसपास लोहचुंबकत्व (सगळ्या अणूंचं चुंबकत्व एकाच दिशेला) आल्यावर जाते. म्हणजे जास्त थंड केल्यानेच गेली!

तरी लोहचुंबकाशी जमणारच नाही, हेही खरं नाही. २००० मध्ये युरेनियम-जर्मेनियमच्या संयुगात दाबाखाली लोहचुंबकत्व असतानाच अतिवाहकता सापडली. तिथल्या जोड्यांत स्पिन एकाच दिशेला असावेत असं मानतात.

‘कुठलाही धातू’ हा दावाही टिकत नाही. तांबं, चांदी, सोनं यांच्यात आजवर अतिवाहकता दिसलेली नाही. बिस्मथमध्ये ती २०१७ मध्ये मुंबईच्याच संस्थेत सापडली, पण केल्विनच्या हजाराव्या भागाच्याही खाली, ०.०००५३ ला.

आणि हाडवैराला खरा धक्का १९७९ चा. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक स्टेग्लिश आणि सहकाऱ्यांनी सिरियम, तांबं आणि सिलिकॉनच्या संयुगात अर्ध्या केल्विनच्या आसपास अतिवाहकता दाखवली. सिरियम चुंबकी. त्याच्या जागी चुंबकत्व नसलेलं लॅन्थनम घालून तेच संयुग करा, अतिवाहकता मिळत नाही. इथे चुंबकी अणू काढला की अतिवाहकताच जाते.