पुतळा मात्र शोभराजचा!

सेलिब्रिटी कुणाला म्हणावं यावरच्या एका लेखात लेखकाचं म्हणणं, ज्याला सगळे ओळखतात तो सेलिब्रिटी, मग कुख्यात गुन्हेगार का नको? अहो, ओळखणं वेगळं आणि डोक्यावर घेऊन नाचणं वेगळं. परदेशी पर्यटकांचे खून करणाऱ्या चार्ल्स शोभराजचंच घ्या. मार्च १९८६ मध्ये तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून हा पळाला आणि एप्रिलमध्ये गोव्यात, पर्वरीच्या ओ कोकेरो रेस्टॉरंटमध्ये सापडला. पकडणारे मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे. १९७१ मध्येही त्यांनीच त्याला धरलं होतं, म्हणजे एकच भामटा दोनदा! पण त्या रेस्टॉरंटात टेबलाशी पुतळा बसवला तो शोभराजचा. लोक शेजारी बसून फोटो काढतात, जेवण मागवतात. (झेंडे साहेब उभे राहिले असते तरी चाललं असतं की!) १९९७ मध्ये सुटून पॅरिसला गेल्यावर तर हा गृहस्थ मुलाखतींचे पैसे घ्यायचा. आणि बँकॉक-काठमांडूत फिरायला आलेली जी पोरं त्याच्यामुळे जिवानिशी गेली, त्यांतल्या एकाचं तरी नाव सांगता येईल कुणाला? त्याच्यावर पुस्तकं, मालिका कधीच्या येऊन गेल्या. झेंड्यांवर सिनेमा यायला २०२५ उजाडलं.