परदेशातून: की मिळाली म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही

गेला आठवडाभर आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मित्रांच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय. माझ्या मामेभावाचं तिथं मशीन शॉप आहे, ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि ऑफिस टाकलंय ते ऑनलाइन ५०० रुपयाला मिळालेल्या कीनं, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायच्या कोडनं, आणि आता पुण्याच्या एका ग्राहक कंपनीनं व्हेंडर ऑडिटचा, म्हणजे माल पुरवणाऱ्यांच्या तपासणीचा फॉर्म पाठवलाय, त्यात सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे पुरावे मागितलेत. बिल शोधायला गेले तर बिलच नाही. त्यावर एकानं मला टॅग करून विचारलं, "तुमच्या जर्मनीत सेकंडहँड लायसन्स राजरोस विकतात, कोर्टानंच परवानगी दिलीय, मग आमची की का चालत नाही?"

प्रश्न चांगला आहे आणि अर्धा खराही आहे. ३ जुलै २०१२ ला युरोपियन युनियनच्या कोर्टानं जुनी लायसन्स विकणारी यूज्डसॉफ्ट विरुद्ध सॉफ्टवेअर कंपनी ओरॅकल या खटल्यात सांगितलं की पैसे भरून कायमचं घेतलेलं लायसन्स पुढं विकता येतं. पण अटी वाचा की जरा. पहिल्या मालकानं स्वतःची कॉपी बंद करायची, आणि २५ जणांसाठी घेतलेलं लायसन्स फोडून त्यातले १० सुटे विकायचे नाहीत. म्हणून इथला जुनं लायसन्स विकणारा नीट असेल तर मूळ खरेदी कुणाची, त्यानं वापर कधी थांबवला, याचे कागद देतो. ५०० रुपयाच्या कीबरोबर यातलं काय आलं? फक्त पंचवीस अक्षरं. स्क्रीनवर "ॲक्टिव्हेटेड" दिसलं म्हणजे सर्व्हरनं की घेतली एवढंच, ती वापरायचा हक्क तुमचा आहे असं त्यातनं सिद्ध होत नाही. आणि तो निकाल युरोपचा, भारतात तो लागू नाही. आपल्याकडं कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ६३ बी आहे, बेकायदा कॉपी माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड.

जागेचा ताबा आहे पण उताऱ्यावर नाव नाही, तसलं हे. १९५६ पासून सीमाभागाचा वाद चाललाय, २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे, बेळगावच्या माणसाला कागदाचं महत्त्व मी वेगळं काय सांगणार.

आता दुसरी बाजू पण सांगतो, कारण इकडं सगळं शहाणपणानं चालतं असं अजिबात नाही. इथल्या कंपन्या बेकायदा वापरायला घाबरतात म्हणून गरजेपेक्षा जास्त घेऊन ठेवतात, माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याच्या नावाचं सबस्क्रिप्शन महिनोन् महिने चालूच. शिवाय मोजायची पद्धत विकणारा बदलतो. ओरॅकलनं जानेवारी २०२३ पासून जावा या प्रोग्रॅम चालवायच्या सॉफ्टवेअरचं नवं सबस्क्रिप्शन कंपनीतल्या एकूण कर्मचाऱ्यांवर लावलं, म्हणजे ज्यानं जावाचं नावही ऐकलं नाही तोही मोजला जातो. ओपनजेडीके, म्हणजे जावाचंच ओपन सोर्स रूप, मात्र फुकट आहे, धंद्यालाही.

म्हणून किंमत विचारायच्या आधी विचारायचं की तुम्ही मोजता काय, माणूस, मशीन की एका वेळी चालू असलेल्या कॉपी? मामेभावाकडं कॅडचं, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं, एकच वर्कस्टेशन आहे, सकाळच्या शिफ्टला एक पोरगा, दुपारच्या शिफ्टला दुसरा. नावावरचं लायसन्स घेतलं तर दोन लागतील, मशीनवरचं किंवा फ्लोटिंग (एका वेळी कुणीही एकानं वापरायचं) घेतलं तर एकात भागतं. हे त्याला विकणाऱ्यानं सांगितलंच नाही. तसंच हिशोबाचं टॅली: सिल्व्हर एका कॉम्प्युटरला, गोल्ड ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना. टीएसएस, म्हणजे टॅलीचं अपडेटचं सबस्क्रिप्शन, रिन्यू केलं नाही तरी घेतलेलं व्हर्जन चालत राहतं, नवे अपडेट थांबतात. कॅडचं सबस्क्रिप्शन संपलं तर मात्र सॉफ्टवेअर उघडतच नाही, ऐन डिलिव्हरीच्या आठवड्यात. "फुकट" लिहिलेलंही तपासून घ्या, लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं टीमव्ह्यूअर फक्त वैयक्तिक वापराला फुकट, लिबरऑफिस धंद्यालाही. पत्रं, कोटेशन आणि कन्नड-मराठी दोन्हीतल्या नोटिसा यासाठी लिबरऑफिस आणि युनिकोड फॉन्ट पुरतात, सगळ्या टेबलांवर पैशाचं ऑफिस कशाला पाहिजे?

ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात, एक म्हणते "कोण विचारतंय, चालतंय की", दुसरी म्हणते सगळं ओपन सोर्स करून टाका. मला दोन्ही पटत नाही. सहा कॉम्प्युटरच्या शॉपला पैसे देऊन घ्यावं लागेल असं मोजकंच निघतं, कॅड, टॅली आणि विंडोज, बाकीचं फुकटातलं नीट निवडता येतं. आणि जीएसटी नंबर घालून बिल घेतलं तर १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, ते ५०० रुपयाच्या कीत कुठनं मिळणार?

मला सगळ्यात जास्त काळजी एका वेगळ्याच गोष्टीची आहे. आपल्याकडं इन्स्टॉल करायला येणारा पोरगा स्वतःच्या जीमेलवर अकाउंट उघडतो, रिन्यूअलचा मेल त्याला येतो, पासवर्ड त्याच्याकडं, उद्या तो दुबईला गेला की पैसे भरूनही मालक बाहेर. खानापूर-निपाणीकडच्या पतसंस्थांतही हेच बघितलंय. मामेभावाला मी सांगितलंय की फॉर्म भरायच्या आधी कंपनीच्या डोमेनवर एक मेल आयडी काढ, सगळी अकाउंटं त्यावर फिरव, आणि त्या पोराला पैसे देऊन एक दिवस बसवून ॲडमिनचे पासवर्ड लिहून घे.