शिंपल्यांचा ‘घोटाळा’: मावशीला आलेल्या मेसेजचं उत्तर

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज काल ऐरोलीच्या मावशीने मला पाठवला, खाली ‘हे खरं का रे?’ असं विचारून. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर सोडून दिलं असतं. मेसेजचा गोषवारा असा: थर्मामीटर चारशे वर्षांपूर्वीचा, मग २० हजार वर्षांपूर्वीचं तापमान हे शास्त्रज्ञ शिंपल्यांवरून अंदाजपंचे दाहोदरसे सांगतात, शिंपल्यांत तापमान दिसत नाही अशी कबुली शॅकल्टन या शास्त्रज्ञाने १९६७ सालीच दिली, समुद्राची पातळी कधी बदललेलीच नाही, म्हणून खाडीकाठची खारफुटी वाचवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

थर्मामीटर नव्हता तेव्हाही पाण्यात ऑक्सिजन होता आणि त्याचं प्रमाण आज मोजता येतं. तो मुद्दा तिथेच संपला.

शॅकल्टन यांचं नाव वापरलंय त्याचा मात्र संताप येतो. ऑक्सिजनचे काही अणू हलके असतात (अणूचं वजन १६) आणि काही थोडे जड (१८). समुद्रात फोरामिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे एकपेशीय जीव चुन्याचं कवच करतात. पाणी जितकं थंड, तितका कवचात जड ऑक्सिजन जास्त. १९५५ साली एमिलियानी यांनी यावरूनच हिमयुगांची तापमानं काढली. पण हिमयुगात हलक्या ऑक्सिजनचं पाणी वाफ होऊन, बर्फ होऊन जमिनीवर अडकतं आणि मागे उरलेला समुद्रच जड होतो. म्हणजे कवचातला आकडा थंडीनेही वाढतो, बर्फानेही. यात मोठा वाटा बर्फाचा, हे शॅकल्टन यांनी दाखवलं. इतपत मेसेज खरा आहे, मान्य. पण एवढा बर्फ जमिनीवर साचला तर समुद्राचं पाणी कमी होणारच ना? पातळी कधी बदललीच नाही म्हणणाऱ्याने साक्षीला शॅकल्टनना उभं करावं? त्यांचा निष्कर्ष नेमका उलटा आहे!

उरला प्रश्न, थंडी किती आणि बर्फ किती. त्याचं उत्तर गाळातल्या पाण्यात आहे. समुद्रतळाच्या गाळात कणांच्या फटींमध्ये जुनं पाणी अडकलेलं असतं. गाळाचा तुकडा जहाजावर आला की बाहेरचा थर खरवडून टाकतात, आतला गाभा धातूच्या साच्यात घालून दाबयंत्राखाली पिळतात, आणि सिरिंजमध्ये थेंब थेंब पाणी उतरतं. हजारो वर्षांत हे पाणी आजूबाजूच्या पाण्यात मिसळत जातं, त्यामुळे हिमयुगातल्या जड ऑक्सिजनची खूण पसरट होते. पुसली मात्र जात नाही. तळाखाली कित्येक मीटर खोल जड ऑक्सिजनचं वाढलेलं प्रमाण आजही सापडतं. खूण किती पसरली त्याचं गणित करून मूळ आकडा काढतात. अ‍ॅडकिन्स, मॅकिन्टायर आणि श्रॅग यांनी २००२ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत हेच मांडलं. कवचातून पाण्याचा वाटा वजा केला, उरली ती थंडी: उत्तर अटलांटिकपासून न्यूझीलंडजवळच्या पॅसिफिकपर्यंत खोल समुद्र गोठणबिंदूला टेकलेला. त्याच पाण्यातल्या क्लोराइडवरून खारटपणाही कळला.

२० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. किनारा पश्चिमेला खूप दूर, आपल्या खाडीत समुद्राचं पाणी पोचतच नव्हतं. आजची वाढ मोजायला तर शिंपलेही लागत नाहीत. १९९३पासून उपग्रह मोजतायत, जगाची सरासरी वर्षाला ३ मिलीमीटरहून जास्त. ऐरोलीची खारफुटी लाटांचा जोर मोडते आणि गाळ धरून ठेवते. ती तोडा असं सुचवणारा मेसेज ज्या ज्या ग्रुपवर गेला, तिथे हे उत्तरही टाका.