बंगलोरची ऑफर आलीय? आता एक्सेल उघडा

तर ऑफर आली. अभिनंदन. दहा वर्षं वाकडला राहून, त्यातली साधारण दोन भूमकर चौकात गाडीत बसून काढल्यावर, शेवटी बंगलोरच्या कुणाला तरी तुमची किंमत कळली. मेल रात्री पावणेबाराला आलाय, पीडीएफ अकरा पानांची आहे, आणि तुम्ही पहिली आठ पानं न वाचता थेट नवव्या पानावरच्या ॲनेक्शरला गेलात, शेवटच्या ओळीतला आकडा बघितला, आत्ताच्या पगाराने भागला, एक पॉइंट सहा आलं. झालं. निर्णय इथेच झाला, चाळीस सेकंदांत. पण ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, बायकोला नाही, आईला नाही आणि स्वतःला तर अजिबातच नाही. आपण शिकलेसवरलेले लोक, आपण विचार करून ठरवतो, निदान तसं दिसलं तरी पाहिजे ना, म्हणून एचआरकडून एक आठवडा मागून घ्यायचा आणि तो विचार करण्यात घालवायचा. कसा घालवायचा ते मी सांगतो, मी घालवलेला आहे.

पहिलं म्हणजे त्या आकड्याची फोड करायला बसू नका. फोड केली की कळतं की ह्यात कंपनीने भरायचा पीएफ पण आपल्याच पगारात मोजलाय, ग्रॅच्युइटीचे बेसिकच्या ४.८१ टक्के आहेत जे पाच वर्षं टिकलात तर मिळणार (मागच्या तीन कंपन्या आठवा), इन्शुरन्सचा हप्ता आहे, आणि व्हेरिएबल नावाचा एक प्रकार आहे जो कंपनीचं वर्ष आणि तुमचं वर्ष दोन्ही चांगलं गेलं की पूर्ण मिळतो, असं वर्ष माझ्या तरी पाहण्यात नाही. मग ईसॉप्स, म्हणजे पगाराच्या जोडीला कंपनीचेच शेअर. चार वर्षांत थोडे थोडे मिळणार, पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत सोडलं तर शून्य, कंपनी बाजारात लिस्टेड नाही, शेअरची किंमत कंपनीच सांगते, आणि बहुतेक ठिकाणी तो शेअर विकता येण्याच्या आधीच त्यावर पगारासारखा टॅक्स बसतो. हे सगळं सासऱ्यांना सांगताना मात्र पूर्ण रकमेने धरायचं. जॉइनिंग बोनसही धरायचा. तो एक वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचा असतो, म्हणजे तो बोनस नसून उसने पैसे आहेत, पण उसने म्हटलं की पेढे वाटता येत नाहीत.

मग एक्सेल. एक्सेलशिवाय इंजिनियर माणसाने काही ठरवलं तर लोक नावं ठेवतात. माझ्या शीटला ४३ रो होत्या. प्रत्येक मुद्द्याला वेटेज, पुण्याला दहापैकी मार्क, बंगलोरला दहापैकी मार्क, खाली गुणाकार आणि बेरीज. पहिल्या बेरजेत पुणं जिंकलं, ७.१ विरुद्ध ६.४. आता असं झालं तर घाबरून जाऊ नका, शीटमध्ये काहीतरी चुकलेलं असतं. मी शांतपणे बघितलं तर लक्षात आलं की ‘आईबाबा जवळ’ ह्याला १५ टक्के जरा जास्तच झालेत, कारण फोन असतो, व्हिडिओ कॉल असतो, विमानाने तर दीड तास (घरातून निघून देवनहळ्ळीच्या एअरपोर्टला पोचायला दोन तास लागतात ते तेव्हा शीटमध्ये नव्हतं), म्हणून ते ८ केलं. ‘करिअर ग्रोथ’ २० चं २५. आणि ‘हवा’ अशी एक नवीन रो टाकली, कारण बंगलोर नऊशे मीटरवर आहे आणि पुणं साडेपाचशेच्या आसपास, आणि तिथले लोक हवेबद्दल असे बोलतात जसं काही ती पेस्लिपवर येते. परत बेरीज. बंगलोर ७.०, पुणं ६.९. बघा, डेटा कधी खोटं बोलत नाही.

आता ३९ नंबरची रो. ती ‘इतर’ होती, वेटेज ३ टक्के, आणि त्यात तीन गोष्टी होत्या: पार्किंग, जिम आणि बायकोची नोकरी. शीट मी तिला शेअर केली होती, कारण असे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असतात. ती बाणेरच्या एका शाळेत अकरा वर्षं गणित शिकवत होती. रात्री बघतो तर त्या सेलला पिवळी कॉमेंट, ‘म्हणजे मी एक टक्का का रे? पार्किंगएवढी?’ गणिताची बाई, भागाकार चुकत नाही. तुमच्याकडे असं काही झालं तर लगेच तो आयटम वेगळ्या रोमध्ये घ्या, वेटेज दहा द्या, आणि बंगलोरच्या कॉलममध्ये ‘तिथे पण शाळा भरपूर आहेत’ असं लिहून ८ मार्क टाका. शाळा खरंच भरपूर आहेत. तिला तिथे एका शाळेत लागायला दोन वर्षं गेली ही गोष्ट वेगळी, आणि ती दोन वर्षं आमच्या घरात कुणी ‘वेटेज’ हा शब्द उच्चारला नाही.

शीट झाली की सल्ले घ्यायचे. इथे एक पथ्य पाळा, ज्याचं उत्तर आधीच माहितीय त्यालाच विचारा. माझा एक मित्र व्हाइटफील्डला होता, तो म्हणाला, ‘ये रे, डोळे झाकून ये, मेट्रो येतेच आहे घरापर्यंत.’ हे २०१८ ला. नंतर कळलं की माझं नाव त्यानेच रेफर केलेलं, आणि मी टिकलो की त्याला रेफरल बोनस होता. मेट्रो आली, नाही असं नाही, २०२३ ला आली, तोपर्यंत तो कॅनडाला गेलेला. ऑफिसातल्या शेजारच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला अजिबात जाऊ नको, तिथे पाणी नाही, ट्रॅफिक आहे, भाषेची भांडणं आहेत, आणि हे तो मला हिंजवडीच्या फेज टूमध्ये सांगत होता जिथे आमच्या दोघांच्या सोसायट्यांना टँकर यायचे आणि आम्ही दोघंही दीड तास लेट पोचलेलो. त्याने त्याच्या आधीच्या वर्षी अशीच एक ऑफर सोडलेली. जो गेलाय तो ये म्हणतो, जो राहिलाय तो राहा म्हणतो, सगळे आपापलेच जुने पेपर परत तपासत असतात, तुमचा पेपर कोणी उघडतसुद्धा नाही.

आणि सोसायटीतले काका. प्रत्येक सोसायटीत एक असतात. आमचे काका म्हणाले, ‘अरे जा की, परकं थोडंच आहे, आपलंच होतं ते.’ आणि मग लिफ्टचं दार पायाने अडवून इतिहास. शहाजीराजांना आदिलशाहीकडून १६३८ च्या सुमारास बंगलोरची जहागीर, इकडे पुण्याची जहागीर जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजीराजे बघतायत, म्हणजे बघ, काका म्हणाले, नोकरी तिकडे आणि घर इकडे ही पद्धत आपल्याकडे पावणेचारशे वर्षं जुनी आहे. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेल्यावर त्यांनी बंगलोर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना ३ लाखांना द्यायचं ठरवलं, मध्ये १६८७ ला मुघल घुसले, पण शेवटी गेलं ते वोडेयरांकडेच. ३ लाखांना अख्खं बंगलोर! लिफ्ट वाजायला लागली तरी काका त्या ३ लाखांवरून हलेनात.

मला त्या तीन लाखांची किंमत घर शोधताना कळली. बंगलोरची जुनी पद्धत म्हणजे दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं दिलं तरी आपण घरमालकाच्या नावाने बोटं मोडतो. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा लिहिलीय, पण ते मॉडेल आहे, राज्याने उचललं तर लागू, आणि घरमालकाला ते दाखवलं तर तो तुम्हाला दार दाखवतो. हल्ली पाच-सहा महिन्यांवर पण तयार होतात म्हणे. मी गेलो तेव्हा बेलंदूरला मालक म्हणाले भाडं तीस, डिपॉझिट तीन लाख. व्यंकोजीराजांच्या भावात मला दोन बेडरूम, एक बाल्कनी, आणि बाल्कनीतून ते तळं, ज्याला फेस येतो आणि जे २०१७ ला चक्क पेटलं होतं. तळं पेटलं. पाणी. ह्याला माझ्या शीटमध्ये ‘लेक व्ह्यू’ म्हणून ९ मार्क होते.

गाडीचं विचारूच नका. म्हणजे विचारा, पण गेल्यावर विचारा, आधी विचारलं तर जाणार नाही. एमएच १४ ची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नंबर बदलावा लागतो, त्यासाठी इकडच्या आरटीओची एनओसी, तिकडचा लाइफटाइम टॅक्स, आणि इकडे भरलेल्या टॅक्समधला उरलेला परत मागता येतो. मागता येतो, एवढंच मी म्हणतोय. त्या एका वर्षात सिल्क बोर्डच्या सिग्नलला पोलिसाची आणि तुमची नजरानजर झाली की पुण्यातला हेल्मेटचा काळ आठवतो, आपण नकळत खांदे पाडून छोटे होतो.

पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचा भाव फोनवर एक असतो आणि सामान ट्रकमध्ये चढल्यावर दुसरा, ह्यावर मी जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. फक्त एक सांगतो, खोक्यांवर मार्करने नावं स्वतः टाका. आमच्या एका खोक्यावर ‘किचन ७, महत्त्वाचं’ लिहिलेलं, पहिल्या रात्री बंगलोरला भूक लागली म्हणून मोठ्या आशेने तेच उघडलं तर आत मोबाइलचे जुने चार्जर, लग्नातला समईचा सेट आणि सोऱ्या. सोऱ्याच्या सहा चकत्यांपैकी चकलीची नेमकी नाही. खालच्या दुकानदाराला मोडक्या हिंदीत दूध मागितलं, तो कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला ज्यातला ‘स्वल्प’ तेवढा कळला. स्वल्प म्हणजे थोडं. आपल्याकडे तो शब्द विरामात उरलाय, तिथे अजून दुकानात चालतो. मला इतकं बरं वाटलं की गरज नसताना दोन लिटर घेतलं.

एवढं सगळं कशासाठी, तर ऑफिसात प्रत्यक्ष येऊन काम करणं महत्त्वाचं आहे म्हणून. इंटरव्ह्यूत तीनदा विचारलेलं, रिलोकेट व्हाल ना नक्की? पहिल्या दिवशी बॅज, बॅग, पाण्याची बाटली मिळाली, टीमशी ओळख करून दिली, आणि टीम होती पुण्यात. खराडीत. सहापैकी पाच जण. बॉस टेक्सासात. तर मी रोज सकाळी आऊटर रिंग रोडवर सात किलोमीटरला पाऊण तास घालवून ऑफिसला जायचो, काचेच्या एका खोलीत दार लावून बसायचो आणि पुण्याच्या लोकांशी व्हिडिओवर बोलायचो. त्यातला एक मराठी, त्याच्या मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. २०२० च्या मार्चनंतर तर गंमतच, ऑफिस बंद, आम्ही सगळे पुण्याला परत, पण माझ्या स्वतःच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू, म्हणून दीड वर्ष चिंचवडला आईबाबांच्या दोन खोल्यांत डायनिंग टेबलवर काम केलं. बंगलोरच्या रिकाम्या घराचं भाडं चालूच. कामात काही फरक पडला का? त्या वर्षी मला बेस्ट रेटिंग होतं. मग कंपनीला परत एकत्र बसण्याचं महत्त्व पटलं आणि आठवड्यातले तीन दिवस मी पुन्हा काचेच्या खोलीत.

२०२४ च्या मार्चमध्ये तिथे पाण्याचे हाल झाले तेव्हा प्यायच्या पाण्याने गाडी धुतली तर ५००० रुपये दंड लागत होता, आणि आई फोनवर म्हणाली, ‘गाडी कशाला धुतोस, नंबर तरी बदललास का?’ बदललाय गं. केए झालीय ती आता. मुलगी शाळेत कन्नड शिकते, त्यावरही सुरुवातीला मी कुरकुर केली, मग आठवलं की आपल्याकडेही २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची केलीय आणि तेव्हा मी त्याला फेसबुकवर लाइक ठोकलेलं. गप्प बसलो. परवा रिक्षावाल्याशी तिनेच भाव केला, मी मागे बसून मान हलवली.

तर विचारायचं तेवढं सगळ्यांना विचारा, शीट हवी असेल तर माझी पाठवतो, फॉर्म्युले भरलेले आहेत, फक्त ३९ नंबरची रो आधी डिलीट करून मग घरी दाखवा. आणि पुण्यातला फ्लॅट भाड्याने देताना ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचंच करा, जास्त नको, कारण आपण काय दोन वर्षांत परतच येणार आहोत. एजंट सगळं ऑनलाइन करून देतो, अंगठा लावायचं मशीन घेऊन घरी माणूस पाठवतो, बंगलोरला सुद्धा. माझं नववं परवाच झालं.